हॉलमार्कमधला 'हॉल' कुठला?

इंग्रजीत खुणेसाठी साइन, मार्क, टोकन असे कितीतरी शब्द आहेत. मला सर्वांत आवडतो तो हॉलमार्क. यातला हॉल म्हणजे लंडनच्या सोनारांच्या संघाचा गोल्डस्मिथ्स हॉल. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला आणि कसाला उतरलेल्या चांदीवर बिबट्याच्या मुखाचा ठसा उमटू लागला. आधी तपासनीस दुकानोदुकानी जात. १४७८पासून सोनारांनाच माल हॉलमध्ये आणावा लागला. त्यावरून हा शब्द!

'बेंचमार्क'ही असाच कष्टाचा. भूमापक दगडात आडवी खाच कोरत, तिच्यात लोखंडी कोन बसवून त्यावर मोजपट्टी उभी करत. तो कोन म्हणजे बेंच.

आपल्याकडे सोन्याच्या हॉलमार्कमध्ये आता भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असतो. घेताना भिंगातून जरूर बघा.