तगरचं तेर

‘नगर’चं ‘नेर’ कसं झालं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पारनेर, अमळनेर, जामनेर ही नावं जिभेवरच घडली आहेत. मधला ‘ग’ आधी ‘य’ झाला, मग पुरता विरघळला. त्याच वाटेने जुन्या टिपणांतल्या शहराचं नाव ‘तगर’ चाललं तर ‘तेर’ला पोचतं. पण एवढ्याशा वाटेवर विद्वानांनी एकोणिसावं शतक खर्ची घातलं. कुणी तगर दौलताबादला नेलं, कुणी जुन्नरला. रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं, म्हणजे ते शेजारच्या बीड जिल्ह्यापर्यंत येऊन थांबले. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, हे मांडलं आणि ते टिकलं. धाराशिवहून पंचवीसेक किलोमीटरवरचं, तेरणेच्या काठचं हे गाव नावानिशी जागच्या जागीच होतं.

हा शोध एवढा मोलाचा का, याचं उत्तर एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ सांगतं, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि तलम मलमल भडोचला जायची, तीही गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. तिथून पुढे जहाजं. टॉलेमीलाही तगर ठाऊक होतं. पुढे कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तगरपासून कोसो दूर राज्य करणाऱ्यांनी मिरवावं, असं या नावाचं वजन होतं.

त्या वैभवातलं उभं काय राहिलं? मुख्यतः विटा. त्रिविक्रमाचं देऊळ पाहायला मागच्या बाजूने जावं. गाभाऱ्याची भिंत अर्धवर्तुळाकार वळते आणि वरचं छप्पर गजपृष्ठासारखं, हत्तीच्या पाठीसारखं गोलसर आहे. लेण्यांतली चैत्यगृहं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की ती डोंगरात कोरलेली आणि हे विटांनी बांधलेलं. याच्या जोडीला घेता येईल असं विटांचं देऊळ म्हणजे आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वर. हेन्री कझेन्स यांनी तेरची पाहणी केली तेव्हा हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं म्हटलं. पुढच्या काहींना ते पटलं नाही. मला मात्र या वादाहून दुसरी गोष्ट मोठी वाटते. आत देव होता, रोज दिवा लागत होता, म्हणून या विटा कुणी उचलून घरी नेल्या नाहीत. विटांचंच दुसरं देऊळ उत्तरेश्वराचं. तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात, असं गावात कौतुकाने सांगतात.

बाकी तगर पांढरीखाली आहे. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांची माती, राख आणि खापरं साचून तिची टेकाडं होतात. पाऊस ती धुतो आणि मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येतात. पोरं खेळायला नेतील, बायका टाकून देतील अशा या वस्तू तेरचे रामलिंगप्पा लामतुरे जपत गेले. ना सरकारी हुद्दा, ना पुरातत्त्वाची पदवी. आज गावातलं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. केओलिनच्या नाजूक मूर्ती, शंखाची आणि हाडाची कामं अशा वस्तूंसोबत इथली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती अभ्यासकांत गाजली. तिच्याच घडणीची, भारतातून गेलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या ढिगाऱ्यातून निघाली होती. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. पेरिप्लसमधल्या मालाच्या यादीत हस्तिदंत तगरच्या नावावर नाही. पण गाड्या कापडावरच थांबल्या नसाव्यात.

तो व्यापार आटून हजारेक वर्षं झाल्यावर याच मातीत गोरा कुंभार चिखल तुडवत होते. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले हे वडीलधारे, म्हणून सगळ्यांचे गोरोबाकाका. संत जमले असता त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. भाजलेलं आणि कच्चं यांचा आवाज वेगळा येतो, हे कुंभाराचं रोजचं ज्ञान. तेरणेकाठी काळेश्वराच्या देवळालगत त्यांची समाधी आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते, दिंड्या येतात. त्यांतल्या बहुतेकांना तगर हा शब्द माहीत नसतो. ते काकांच्या गावाला आलेले असतात.