काजूची एक वडी

साखरपुड्याच्या मांडवात दुपारची शेवटची पंगत उठत आली होती. चौदा महिन्यांचा नातू आत्याच्या कडेवर होता आणि दादीजींच्या हातात काजूकतलीची बशी होती. बशी घेण्यापूर्वी त्यांनी महाराजांना नेहमीचे प्रश्न विचारून घेतले होते. वर्ख तर नाही ना? तूप कुठले? माल आजचाच ना? सर्व उत्तरे समाधानकारक मिळाली. मग नखाएवढा तुकडा मोडून त्यांनी तो नातवाच्या ओठांत ठेवला. त्याने तो चघळला, गिळला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

पाच-सात मिनिटांत तो नाक चोळू लागला. ओठ सुजल्यासारखे दिसू लागले, मानेवर लाल गांधी उठल्या. ‘पित्त उठलेय,’ असे कोणी म्हणाले आणि आमसुलाचे पाणी आणायला माणूस धावला. दुसऱ्या कोणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी मागितली. तेवढ्यात बाळाला उलटी झाली, रडण्याचा आवाज घोगरा झाला आणि त्याने आत्याच्या खांद्यावर मान टाकली. कोणाला वाटले, दमून झोपला. औषधांचा घाऊक व्यापार करणारे एक नातेवाईक जवळच उभे होते. त्यांनी बाळाचा चेहरा पाहिला आणि एवढेच म्हणाले, ‘हा झोपलेला नाही. गाडी काढा.’

रुग्णालयात पोचताच डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनलिनचे इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने बाळ मोठ्याने, नेहमीच्या आवाजात रडू लागले, तेव्हा बाहेर बसलेल्या माणसांच्या जिवात जीव आला. तरीही त्याला रात्रभर तिथेच ठेवले गेले, कारण ओसरलेली प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळू शकते. ‘काजू याआधी कधी दिला होता?’ असे डॉक्टरांनी विचारले. कोणालाच नक्की सांगता येईना.

या प्रकाराला वैद्यकात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. नुसत्या गांधी उठणे वेगळे. पण त्यांच्या जोडीला उलटी, खोकला, घरघर, बसलेला आवाज किंवा मलूलपणा आला, की प्रसंग गंभीर समजावा. कधी कधी अंगावर एकही पुरळ न येताही श्वास अडतो. अशा वेळी ॲलर्जीचे सिरप खाज कमी करते, पण श्वास वा रक्तदाब सावरत नाही. ते पाजून ‘आता पाहू’ म्हणत थांबण्यात मोलाची मिनिटे जातात. मुलाला आडवे ठेवावे, श्वास लागत असेल तर बसते ठेवावे, उभे करून चालवू नये, आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

रात्री दादीजींनी दबक्या आवाजात मुलाला विचारले, ‘ते इंजेक्शन कशापासून बनवतात रे?’ प्रश्न अस्थानी वाटेल, पण अनेक घरांत तो मनात येतोच. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ॲड्रिनलिन वेगळे केले, ते जनावरांच्या ग्रंथींतूनच. परंतु १९०४ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिश श्टोल्त्स यांनी ते प्रयोगशाळेत रसायनांपासून तयार केले, आणि आज औषध म्हणून वापरले जाणारे ॲड्रिनलिन कृत्रिमरीत्याच बनते. परदेशांत ते पेनासारख्या उपकरणात मिळते. आपल्याकडे ते उपकरण सहज मिळत नाही. म्हणून काही डॉक्टर पालकांना साधी कुपी आणि सिरिंज देऊन, मात्रा लिहून, प्रत्यक्ष शिकवून घरी पाठवतात. या कुटुंबालाही तसेच शिकवले गेले. ती पिशवी आता बाळाच्या दुपट्यांबरोबर सगळीकडे जाते.

पुढे तपासणीत काजू आणि पिस्ता हे दोन पदार्थ निघाले. ही जोडी नेहमीची आहे, कारण काजू, पिस्ता आणि आंबा एकाच वनस्पतिकुळातले असून त्यांतही काजू-पिस्त्याची प्रथिने फार जवळची आहेत. शेंगदाणा मात्र कडधान्यांच्या कुळातला. बाळाला तो सोसतो हे कळल्यावर डॉक्टरांनी तो बंद न करता बारीक कुटून नियमित द्यायला सांगितले. घाबरून सगळेच बंद करणे हाही अपायच. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या चमूने ६४० तान्ह्या मुलांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अंगावर तीव्र इसब असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच असा आरंभ करावा. अख्खा दाणा तर लहान मुलाला देऊच नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

जैन घरांत ‘यात काय आहे?’ हा प्रश्न नवा नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका, जिलेटिन, कंदमूळ हे सारे बारकाईने पाहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण तो शोध असतो वर्ज्य पदार्थांचा. ‘जैन’ म्हटल्याने पदार्थात काय नाही ते कळते. काय आहे ते कळत नाही. उलट, कांदा-लसूण वगळल्यावर भाजीच्या रसाला दाटपणा आणि चव आणायची ती काजूची पेस्ट, मगज, खसखस, दाण्याचे कूट, तीळ यांनीच. हिरवी भाजी टाळायच्या तिथीला त्यांचा वापर आणखी वाढतो. कांदा-लसणाच्या बाबतीत निर्धोक असलेली वाटीच एखाद्या मुलासाठी सर्वांत धोक्याची ठरू शकते.

दुकानाचेही तसेच. सुकामेव्याच्या पेढीवर एकच पत्र्याचे माप काजूच्या डब्यातून मनुकांच्या डब्यात जाते, मिठाईवाल्याची सुरी एका ताटातून दुसऱ्या ताटात फिरते, आणि परातीतल्या सुट्या मिठाईवर घटकांची यादी नसते. गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या मुलाच्या मुठीत दोन काजू ठेवणे हा अनेक पेढ्यांचा प्रेमळ रिवाज आहे. आधी आईकडे पाहून ‘देऊ का?’ असे विचारले, तर त्या रिवाजाचे काहीच उणे होत नाही.

घरी परतल्यानंतर दादीजींनी कित्येक दिवस नातवाला स्वतःच्या हाताने काहीही भरवले नाही. त्यांना कोणी दोष दिला नव्हता. त्यामुळेच तो त्यांना अधिक जाणवत असावा. शेवटी एका सकाळी सुनेने मुगाच्या खिचडीची वाटी त्यांच्यासमोर ठेवली. ‘माँजी, माझ्या हातून खात नाही. तुम्हीच भरवा.’ हे खरे नव्हते. दादीजींना ते कळलेही असावे. त्यांनी वाटी घेतली.

सहा महिन्यांनी त्याच घरचे लग्न निघाले. पंगत वाढण्यापूर्वी दादीजी भटारखान्यात गेल्या.

‘महाराज, पनीरच्या भाजीत काजू आहे?’

‘सगळे जैनच आहे, दादीजी.’

‘ते ठाऊक आहे. काजू आहे का?’

‘आहे तर. त्याशिवाय रस दाट कसा येणार?’

‘आणि तोच डाव डाळीत घालता?’

महाराजांनी डावाकडे पाहिले, मग दादीजींकडे. त्या बाहेर आल्या, नातवाला मांडीवर घेतले आणि पिशवीतून घरून आणलेला स्टीलचा डबा काढला.