एका कपात नाचणीचा केक
स्वयंपाकघरातलं विज्ञान : लेखांक 9

गेल्या आठवड्यात आपण मैद्याच्या केकमध्ये ग्लुटेन काय करतं ते पाहिलं. पीठ ओलं करून फेटलं की गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांना धरतात, त्यांची लवचीक जाळी तयार होते आणि बेकिंग पावडरमधून सुटलेला वायू तिच्यात अडकतो. ही जाळीच नसेल, तर केक उभा राहील का? राहतो. आणि एकाच माणसापुरता, मायक्रोवेव्हमध्ये करायचा असेल, तर ग्लुटेन नसणं उलट सोयीचं पडतं.

मोठ्या केकला स्वतःचं वजन पेलावं लागतं. कपातल्या केकला चहूबाजूंनी कपाचाच आधार असतो. शिवाय मैद्याचं मिश्रण जास्त ढवळलं की जाळी घट्ट होते आणि केक चिवट होतो. नाचणीचं मिश्रण हवं तेवढं ढवळा, चिवट होणारं त्यात काही नाही.

साहित्य एका कपाचं. चमचा मोठा, म्हणजे 15 मिलिलिटरचा.

नाचणीचं पीठ 4 चमचे
किसलेला गूळ 2 चमचे
कोको पावडर 1 चमचा
पातळ केलेलं तूप 1 चमचा
कोमट पाणी 3 चमचे
अंडं 1
बेकिंग पावडर पाव छोटा चमचा
चिमूटभर मीठ

पीठ कोरडंच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून गार करा, म्हणजे कच्चट चव राहत नाही. गूळ कोमट पाण्यात विरघळवा. गुळासाठी दुधाऐवजी पाणी घ्यायचं, कारण गरम दूध गुळानं फाटू शकतं. त्यात तूप आणि अंडं घालून फेटा, मग पीठ, कोको आणि मीठ मिसळा. मिश्रण पाच मिनिटं तसंच ठेवा. नाचणीचं पीठ पाणी सावकाश पितं. ही पाच मिनिटं वाचवली तर केक रवाळ लागतो. बेकिंग पावडर अगदी शेवटी घाला, कारण ती ओली होताच वायू सोडू लागते. कप 300 मिलिलिटरचा आणि सोनेरी काठ नसलेला घ्या. तो निम्म्याहून जास्त भरू नका.

800 वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये 70 सेकंद ठेवून पाहा. वरचा भाग ओला दिसला तर दहा-दहा सेकंद वाढवा. मध्यभाग किंचित दमट असतानाच थांबायचं. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता दोन मिनिटं काम करत राहते.

अंडं नको असेल तर पिकलेलं केळं अर्धं घेऊन कुस्करून दोन चमचे दह्यात मिसळा आणि पाणी निम्मं करा. हा केक थोडा जड आणि जास्त ओलसर होतो.

आता कपात काय घडतं ते पाहू. मायक्रोवेव्हच्या लहरी मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. सुमारे 70 अंशांना नाचणीतला स्टार्च पाणी शोषून फुगतो, त्याच सुमारास अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊ लागतात. जाळीचं काम हे दोघं मिळून करतात. पदार्थात पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. कवच तांबूस व्हायला साधारण 140 अंश लागतात, म्हणून इथे रंग येतो तो नाचणी, गूळ आणि कोकोमुळेच. या केकचं खरं नातं बेकरीशी नसून कोकणातल्या सांदणाशी आहे. तांदळाचा रवा आणि फणसाचा रस वाफवून केलेलं सांदणही ग्लुटेनशिवायच मऊ होतं.

वेळ वाढवली की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि केक कडक होतो. गार झाल्यावर फुगलेला स्टार्च पुन्हा आवळला जातो, त्यानंही तो कोरडा पडतो. म्हणून एका वेळी एकच कप करावा आणि गरम असतानाच खावा.

हौसेनं खाणाऱ्याला एवढं पुरे. सीलिअॅक आजार असलेल्यांसाठी मात्र आणखी काळजी हवी. त्यांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञानं 1950 मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाशी असलेला हा संबंध मांडला. ग्लुटेन आयुष्यभर टाळणं हाच आजही यावरचा उपचार आहे. मात्र तपासणीआधीच गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रक्तचाचणीत तो दिसणार नाही, असं होऊ शकतं.

नाचणीत ग्लुटेन नसतं, पण गिरणीत असतं. आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू ज्या जात्यात दळले, त्यातच आपली नाचणी पडते. तेव्हा दळण घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये करा किंवा ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं पाकीट घ्या. भारतात त्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅम ही ग्लुटेनची मर्यादा आहे. बेकिंग पावडर आणि कोकोच्या डब्यावरचं साहित्यही वाचा.

वाढदिवसाच्या घरी सीलिअॅक असलेल्या मुलाला बहुधा ‘तुला हे चालत नाही’ एवढंच ऐकू येतं. त्याला चालणारा केक करायला भाजलेलं पीठ आणि दहा मिनिटं पुरतात. असं मूल घरी येणार असेल तर ओटा पुसून घ्या, चमचा-वाटी वेगळी ठेवा आणि गव्हाचं पीठ बाहेर काढण्याआधी त्याच्या कपाची तयारी करा.

(पुढील लेखांकात : थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही?)