एका ग्रॅमचा सातबारा

नारळाची करवंटी जाळून कोळसा करायचा आणि आठशे-नऊशे अंश तापमानाला त्यावर वाफ सोडायची. वाफ कोळशाला आतून कुरतडत जाते. उरतो तो सक्रिय कोळसा, पाण्याच्या फिल्टरमधले काळे दाणे. त्यातला १ ग्रॅम चिमटीत मावतो. पण आतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर साधारण १००० चौरस मीटर भरतील. म्हणजे जवळजवळ १० गुंठे! फिल्टरमध्ये असा २०० ग्रॅम कोळसा असेल, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर ५० एकर टांगलेली आहे.

पटत नसेल तर हिशोब करून बघा. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. त्याचे १ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे, घन कापले तर तुकडे होतात १ वर २१ शून्यं. वजन तेवढंच, पृष्ठभाग मात्र ६००० चौरस मीटर, दीड एकराला किंचित कमी.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०१२ साली ‘एनयू-११०’ हा पदार्थ तयार झाला. धातूच्या अणूंचे सांधे, कार्बनी रेणूंचे वासे, बाकी पोकळी. त्याच्या एका ग्रॅमचं क्षेत्रफळ ७१४० चौरस मीटर मोजलं गेलं. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉलचं मैदान नेमकं एवढंच असतं. या जातीच्या पदार्थांची पायाभरणी करणाऱ्या कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही मोजणी करतात कशी? पदार्थ उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून त्यावर नायट्रोजन सोडतात आणि किती चिकटला ते पाहतात. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो, पुढचा गुणाकार. १९३८ सालची ही रीत ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर या तिघांची. (टेलर म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे गाजला तोच.)

याच मोजणीत एक गंमत दडलेली आहे. १० गुंठ्यांवर नायट्रोजनचा एक थर द्यायला वायू लागतो फक्त ०.२९ ग्रॅम, खोलीच्या तापमानाला जेमतेम पाव लिटर. एवढ्यात जमीन संपली! फिल्टरची ५० एकरही पाण्यातल्या वासाच्या रेणूंनी अशीच भरते आणि काही महिन्यांनी पाण्याला पुन्हा वास येऊ लागतो. त्यामुळे एकरांचे विक्रम वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो असा: भरलेली जागा रिकामी किती सहज होते?

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमधलं झिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज तिथे बाजी मारतं. त्याचं क्षेत्रफळ ग्रॅमला हजार चौरस मीटरच्याही आत. दाबाखाली हवा सोडली की त्यातला नायट्रोजन ते धरून ठेवतं आणि ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो. दोन नळकांडी आळीपाळीने हेच करत राहतात, दर काही सेकंदांनी, तेच दाणे वापरून. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांत उशाशी घरघरणारी यंत्रं ती हीच. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतही झिओलाइटचे देखणे स्फटिक मिळतात, जगभरच्या संग्रहालयांत ते मांडलेले असतात. पण या यंत्राला लागते त्या रचनेचं झिओलाइट निसर्गात दुर्मीळ, म्हणून ते कारखान्यातच बनवतात.