मैफलीपूर्वीची पायपीट

डिसेंबर उजाडला की आमच्या मुकुटबन-वणी भागातील अनेक आईवडील पुण्यातील मुलांकडे मुक्कामाला जातात. जाण्यापूर्वी ते औषधे लिहून घेण्यास येतात आणि त्यांतील गाण्याचे शौकीन ‘सवाई’चा विषय हमखास काढतात. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला हा महोत्सव 2018 पासून मुकुंदनगरात, महाराष्ट्रीय मंडळाच्या संकुलात भरतो. त्याआधी तो रमणबागेत होत असे. जागा बदलली, तरी वाहन उभे करण्याची चिंता सुटलेली नाही.

ही चिंता मुलाची, असे आपण मानता. वैद्यकीय दृष्टीने ती आपलीही आहे. जागा न मिळाल्याने गाडी दूरच्या गल्लीत लागते आणि पुढील अंतर आपण थंड हवेत, जेवल्यानंतर, सुरुवात चुकेल या घाईने चालता. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. भरल्या पोटी चालताना हृदयावर आणखी ताण येतो. चालताना छातीत दडपण वाटले, तर ती ‘गॅस’ची तक्रार समजू नका, तेथेच बसा आणि सोबतच्या माणसाला सांगा. विश्रांतीने थांबले नाही, तर 108 वर दूरध्वनी करावा. पोटरीत गोळा येऊन थांबताच बरे वाटत असेल, तर पायांच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्यावी.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रवेशद्वाराशी उतरा, मग मुलगा गाडी लावील. आपल्याजवळ सून किंवा नातू असावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला तर क्षणभरही एकटे उभे करू नये आणि बंद गाडीतही बसवून ठेवू नये. गर्दीत भ्रमणध्वनी लागेलच असे नाही. खिशात नाव, मुलाचा क्रमांक आणि औषधांची यादी असलेली चिठ्ठी ठेवा. खरे तर गाडी घरीच ठेवून रिक्षाने जाणे उत्तम. 2024 पासून स्वारगेटपर्यंत मेट्रो आली आहे. तेथून मुकुंदनगर रिक्षाने जवळच आहे. एवढ्या शिक्षणाने मिळालेली मोटार दारात ठेवायची, हे काही मुलांना पटत नाही, हा भाग वेगळा.

लघवी अधिक होण्याची गोळी त्या दिवशी परस्पर टाळू नका. वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ साखर आणि खाऊ ठेवावा, कारण गाडी शोधण्यात जेवण तासभर लांबते.

परतीची वेळ अधिक अवघड. पूर्वी मैफली रात्रभर चालत, त्यामुळे श्रोते पांगत पांगत घरी जात. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आल्यापासून बहुतेक दिवशी सारा मंडप एकदमच उठतो. अंधार, दोऱ्या, खड्डे आणि मागून रेटणारी माणसे; वृद्धांचे खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरते. शिवाय तासन्‌तास बसल्यावर एकदम उठले की रक्तदाब उतरून भोवळ येते. गाणे संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटे खुर्चीतच थांबा, पाय हलवत राहा, मुलाला गाडी आणू द्या. भैरवी ऐकल्यावर कोणाला घाई असते?