सोन्याचा रथ आणि सुताराचे नाव

आगगाडीचा डबा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बाक, खिडकीचे गज आणि वरच्या फळीवरची गाठोडी येतात. पण त्याच रुळांवरून एखादा राजवाडा धावतो असे कोणी सांगितले तर? शेजारच्या कर्नाटक राज्याने अशी गाडी काढली आहे. तिचे नाव 'गोल्डन चॅरिअट', म्हणजे सोन्याचा रथ. जानेवारी २००८ मध्ये यशवंतपूर स्टेशनात त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मधली काही वर्षे ती बंदही राहिली.

गाडीला नाव मिळाले ते हंपीच्या दगडी रथावरून. हा रथ तिथल्या विठ्ठलमंदिराच्या आवारात उभा आहे. पंढरीचा विठोबा हंपीला नेला आणि भानुदास महाराजांनी तो परत आणला, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो, तेच हे हंपी.

एका फेरीचे भाडे लाखांच्या घरात. तेव्हा आपल्यासारख्याने त्यात बसायचे म्हणजे अवघडच! पण आत काय आहे ते जाणून घ्यायला पैसे पडत नाहीत. सुरुवातीला प्रवाशांसाठी अकरा डबे होते आणि प्रत्येकात चार खोल्या. डब्यांना नावे दिली ती दक्षिणेतल्या राजघराण्यांची : कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, गंग, चालुक्य, सातवाहन, बहामनी, आदिलशाही वगैरे. यातली निम्मी नावे आपल्या शाळेच्या पुस्तकातली. पैठणचे सातवाहन आणि वेरूळचे कैलास लेणे कोरवणारे राष्ट्रकूट आपल्याला परके थोडेच आहेत? जेवणाच्या एका डब्याचे नाव 'नल', कारण नळराजा पाककलेत निपुण होता. बैठकीचा डबा म्हैसूरच्या राजवाड्याच्या धर्तीवर सजवला आहे.

ही सजावट वास्तुविशारद कुसुम पेंडसे यांची. सुमारे दोनशे सुतार चार महिने या कामावर होते. सुतारकाम ज्याने जवळून पाहिले आहे त्याला यातली अडचण लगेच कळेल. घराची चौकट एकदा बसवली की जागची हलत नाही. डबा मात्र रात्रंदिवस हादरतो. सांधा जरा ढिला राहिला की करकर सुरू. लाकडी चाकाच्या बैलगाडीतून ज्यांनी ऊस वाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यातून डब्याची रुंदी जेमतेम दहा-साडेदहा फूट. एवढ्यात बोळ, खोली, न्हाणीघर बसवायचे आणि वर नक्षीही करायची!

या नक्षीचे एक मूळ होयसळांच्या देवळांत आहे. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूरची ही देवळे २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथला दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. म्हणून कारागिरांनी त्यावर लाकडावर करावे तसे बारीक काम केले. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर राजा विष्णुवर्धनाने १११७ साली बांधवले. तिथल्या मूर्तींखाली जुन्या कानडीत अक्षरे आहेत. ती ना राजाची, ना देवाची. ती कारागिरांची नावे आहेत. बळ्ळिगावीचा दासोज, त्याचा मुलगा चावण. पुढे सोमनाथपूरला मल्लितम्माने तर कितीतरी मूर्तींखाली आपले नाव कोरून ठेवले आहे.

म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचे नाव आज आपल्याला सांगता येते. आणि आपल्या काळातल्या त्या दोनशे सुतारांचा? आमच्या वाचनात आला तो नुसता आकडा.

पण लोकांना कशाला नावे ठेवायची? आमच्याच गावी देवळाचा सभामंडप झाला. देणगीदारांची संगमरवरी फरशी लागली. कोणी किती दिले ते पैशासकट कोरले गेले. आम्हीही आमचे नाव दोनदा वाचून घेतले. मग कोणीतरी विचारले, हे खांब कोणाच्या हातचे? कोणालाच सांगता येईना. आम्हालाही आठवेना. आणि तो माणूस दोन महिने आमच्याच ओसरीवर जेवत होता!

सभासद बंधू-भगिनींनो, याची टोचणी आपल्याला जास्त लागायला हवी. कारखाना निघण्याआधी आपल्या वाडवडिलांचा गूळ अडत्याच्या पेढीवर गेला की पुढे तो पेढीच्या नावाने विकला जाई. पिकवणाऱ्याला कोण विचारतो? सहकार आला आणि शेअरच्या दाखल्यावर शेतकऱ्याचे स्वतःचे नाव आले. कित्येकांनी तो दाखला देव्हाऱ्यामागे जपून ठेवला, तो उगीच नव्हे.

तेव्हा यंदा गावात देऊळ, शाळा, समाजमंदिर असे काही बांधायला काढाल तर एवढे करा. देणगीदारांच्या फरशीवर शेवटची एक ओळ मोकळी ठेवा. तिथे गवंड्याचे आणि सुताराचे नाव घाला. खर्च फार येत नाही. आमच्या देवळाच्या फरशीवर जागा उरलेली नाही, म्हणून आम्ही वेगळी पाटी करणार आहोत. त्या सुताराचा शोध चालू आहे.