चेंबर गार्ड घरी बनवताना

पिकअपच्या पोटाखाली इंजिनाचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस जवळजवळ उघडेच असतात. ओढ्यातल्या धोंड्याने चेंबर फुटला की तेल वाहून जाते, आणि तरीही गाडी रेटली तर इंजिनच जाम होते. चेंबर गार्ड आपल्याला बनवता येतो. तत्त्व एकच: दगडाचा मार चासीने झेलायचा, चेंबरने नाही.

आधी गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा आणि चासी भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चासीला कंपनीने दिलेली आट्यांची भोके शोधा, गार्ड तिथेच बसवायचा. चासीला वेल्डिंग करू नका, उष्णतेने तिथले पोलाद कमजोर पडू शकते.

मग जाड पुठ्ठ्याचा साचा कापा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते आणि मार बसला की पत्राही वर दबतो, म्हणून चेंबर आणि पत्रा यांत किमान २५ मिमी मोकळीक ठेवा. ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरसमोर खिडकी हवी, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला अख्खा गार्ड उतरवावा लागेल.

पत्रा निवडताना थोडा हिशेब करा. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ३ ऐवजी ४ मिमीचा एमएस पत्रा घेतला तर वजन एक-तृतीयांशाने वाढते, ताठपणा मात्र सुमारे २.४ पट होतो. ८० बाय ६० सेंमीचा असा पत्रा १५ किलोचा भरतो. ६ मिमी ॲल्युमिनियम जवळपास निम्म्या वजनात तेवढाच ताठपणा देते. पण ते महाग पडते, आर्गन वेल्डिंग मागते आणि दगडावर सरकण्याऐवजी अडकते. पहिल्या गार्डला एमएसच बरा.

फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा बेंडिंग मशीनवर वाकवून घ्या. पुढची कड वर वळलेली हवी, म्हणजे गाडी दगडावर चढून घसरते, रुतत नाही. दोन्ही बाजूंच्या कडा वळवल्या की ताठपणा आणखी वाढतो. दोन तुकडे असतील तर ते कौलांसारखे एकावर एक यावेत: पुढच्या तुकड्याची मागची कड खाली, मागच्याची पुढची कड तिच्या वर दडलेली. उलटे झाले तर पहिलाच दगड सांध्यात अडकेल.

बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या. त्यांची डोकी पत्र्याच्या पातळीखाली लपली पाहिजेत, कारण बाहेर आलेले डोके दगड कापून टाकतो आणि मग गार्ड खोलताच येत नाही. चिखल-पाणी निघायला आणि हवा खेळायला फटी ठेवा. सायलेन्सरचा गरम भाग, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, झाकू नका. तिथे अडकलेले वाळके गवत पेटू शकते. शेवटी रेड ऑक्साइड आणि वर रंग.

गार्ड बसवल्यावर एक चक्कर मारा, बोल्ट पुन्हा आवळा आणि इंजिनाचे तापमान बघा. प्रत्येक खडतर प्रवासानंतर खाली वाकून बोल्ट तपासा आणि साचलेला चिखल धुऊन काढा. पत्रा कितीही जाड असला तरी ढिल्या बोल्टवर लटकलेला गार्ड काही कामाचा नाही.